डबा काढलास का?

बाकीच्या बायका नवऱ्याला सकाळी विचारतात, "डबा घेतलास का?" माझी विचारते, "डबा काढलास का?"

हा डबा रिकामा, तुपाचा. माझ्या पिकअपच्या डाव्या धुराड्यावर तो रात्रभर पालथा असतो. उजव्यावर कॉफीचा असतो. ह्यूस्टनचा पाऊस सांगून येत नाही आणि आभाळाकडे तोंड वासून उभ्या असलेल्या नळीत तो सरळ आत जातो.

लोकांनी वळून बघावं ही माझी जुनी हौस. कोथरूडात ती बुलेटवर भागली असती, पण तेव्हा पैसे नव्हते. पैसे आले तोवर मी टेक्सासात होतो. मग 2004 सालची डॉज रॅम 2500 घेतली, 5.9 लिटरच्या कमिन्स डिझेलची. बायकोला म्हटलं, "अगं, कमिन्स म्हणजे आपल्या घरचंच. 1962 पासून कोथरूडात आहे, तुझं कॉलेजही त्याच नावाचं." ती विरघळली. खरं तर इंजिन गेलं खड्ड्यात. मला भुलवलं होतं हौद्यातून केबिनच्या पाठीशी उभ्या असलेल्या त्या दोन चकचकीत नळ्यांनी.

अठराचाकी ट्रकांच्या उभ्या धुराड्यांना कारण असतं. धूर माणसांच्या डोक्यावरून जावा, हे. पिकअपला कारण नसतं, हौस असते. त्या हौसेपायी हौद्याला भोकं पाडायची, सामानाची जागा घालवायची आणि हायवेवर कानामागे तासभर घोंघों ऐकायचं. ऑफिसात पोचल्यावर साहेब पगारवाढीबद्दल बोलतोय की पगारकपातीबद्दल, हे अर्धा तास कळत नाही.

डब्याचं शास्त्र मात्र माझं नाही, नीरेच्या माझ्या काकांचं, तात्यांचं. त्यांच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची झाकणी गंजून पडली, तेव्हापासून तिथे डालड्याचा डबा. तात्यांचं म्हणणं, डबा पत्र्याचाच हवा, प्लास्टिकचा गरम नळीवर पाघळतो. घट्ट बसणारा नको, सैलही नको. बोटाने टिचकी मारली की हलला पाहिजे, पण वाऱ्याने नाही. नवा तर मुळीच नको, नवा चोरीला जातो. हे सगळं नीट सांगून झाल्यावर तात्या डबा काढायला विसरायचे आणि किल्ली फिरवायचे. चुलीपुढून काकूंचा "अहो, डबा काढला का?" येईपर्यंत तो तोफेच्या गोळ्यासारखा गेलेला असायचा. एकदा तो थेट भावकीतल्या अशा माणसाच्या पत्र्यावर आदळला, की ज्याच्याशी बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद होतं. त्यानिमित्ताने बोलणं सुरू झालं. काय बोलणं झालं ते छापता येणार नाही.

तर माझ्या धुराड्यांचा रुबाब. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मी न मागता ट्रक देऊ केला. बाप्पा दोन धुराड्यांच्या मधोमध, प्रभावळ आयतीच. ढोलपथक पुढे सरकलं, मीही मागे राहू नये म्हणून जरा जोरात पाय दिला. जुनं डिझेल, हवा कमी आणि इंधन जास्त झालं की काळंच ओकणार. मूर्ती शाडूची, पांढरीशुभ्र. खाली उतरवली तेव्हा उजव्या गालावर काजळी. चिटणीसवहिनी माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाल्या, "दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीत वाटतं?"

सगळे हसले, मीही हसलो. पण हा काळा धूर इथे काही जणांचा खेळ आहे. त्याला 'रोलिंग कोल' म्हणतात. सायकलवाला दिसला की मुद्दाम सोडायचा. आमच्या घराच्या उत्तरेला वॉलर आहे. तिथे सप्टेंबर 2021 मध्ये एका पिकअपने सराव करणाऱ्या 6 सायकलवाल्यांना उडवलं. चालवणारा पोरगा 16 वर्षांचा, आणि धडकेआधी तो हाच खेळ खेळत होता, असं सायकलवाल्यांनी सांगितलं. मी तसला नाही, असं मी म्हणतो. तरी एकदा सिग्नल सुटल्यावर आरशात एक सायकलवाली दिसली होती. नाकावर कोपर धरून, एक पाय खाली टेकवून ती माझा धूर विरायची वाट बघत थांबली होती. मी वळून बघितलं नाही.

लहानपणी तात्या मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवायचे, त्याआधी चिमूटभर माती हवेत सोडून वारं बघायचे. धुराची बाजू त्यांची, दुसरी माझी. संध्याकाळी त्यांचा पंचा काकू तीनतीनदा आपटायच्या, तरी पाणी काळंच.

परवा त्यांना व्हिडिओ कॉलवर ट्रक दाखवला. हल्ली दोन वाक्यांमध्ये त्यांना खोकायला थांबावं लागतं.

"इंजिनं किती?"

"एकच."

"मग धुराडी दोन कशाला?"

मला उत्तर सुचेना. विषय बदलायला डबा दाखवला.

"डालड्याचा?"

"तुपाचा, तात्या."

त्यांनी मान मागे वळवली. "अगं ऐकलंस का? पोराने धुराड्यावर तुपाचा डबा घातलाय. शिकवल्याचं सार्थक झालं!"