गव्हाच्या कापणीला रोवणीचं गाणं

मिसिसागा, कॅनडा
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आईस,


पत्र दादानं मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि स्वतःबद्दलचा मजकूर आला की चष्मा पुसायच्या निमित्तानं तो गाळू नये. वहिनींनी शेजारी बसून लक्ष ठेवावं.

तू म्हणशील, रोज मोबाइलवर तोंड दिसते, मग पत्र काहून? त्याचं असं आहे की इथले एक गृहस्थ दिवाळीला तुमसरला बहिणीकडे चालले आहेत आणि जाताजाता मोहाडीत आपल्या घरी एक पेन ड्राइव्ह देणार आहेत. नुसता पेन ड्राइव्ह धाडला तर दादा तो टीव्हीला लावेल, त्यात ट्रॅक्टर दिसेल, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल की धाकट्यानं कॅनडात शेती घेतली. शेती मी घेतलेली नाही. तुझ्या नातवानं घेतली आहे, तीही टीव्हीतच.

'फार्मिंग सिम्युलेटर 22' असं त्या खेळाचं नाव. कंपनी स्वित्झर्लंडची. शाळेतून आला की पोट्टा हार्वेस्टरवर चढतो. घरातल्या तुळशीला पाणी घाल म्हटलं तर पाठ दुखते, पण टीव्हीतल्या पन्नास एकरांची नांगरणी एका बैठकीत उरकतो. या खेळात ऊस आहे, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राची सोय झाली. द्राक्षं आहेत, नाशिकची झाली. कापूस आणि सोयाबीन आहे, वऱ्हाडाचीही झाली. जैतून म्हणे आहे, ते कोणाचं देव जाणे. धान मात्र नाही! भंडारा-गोंदियाला विसरायची पद्धत थेट स्वित्झर्लंडपर्यंत पोचली आहे. अनुशेष काढायला आता तिथंही समिती नेमावी लागेल.

नोव्हेंबर 2024 मध्ये या खेळाची पुढची आवृत्ती आली. तिच्यात पाण्यानं भरलेल्या बांध्या आहेत, धान आहे, वर म्हशीसुद्धा आहेत. पण ती आपल्याकडच्या प्लेस्टेशन 4 वर चालत नाही, पाचवा घ्यावा लागतो. तेव्हापासून पोट्टा मला दर आठवड्याला अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "बाबा, तुम्हाला आपल्या धानाची काहीच किंमत नाही का?" मातीची ओढ अशी हप्त्यानं विकत घ्यायची असते, हे मला ठाऊक नव्हतं.

दादानं मागे विचारलं होतं, पोट्टा खेळून राहिला की शूटिंग करून राहिला? दोन्ही. हातातल्या कंट्रोलरवर 'शेअर' नावाचं बटण असतं. गेल्या पंधरा मिनिटांत जे जे झालं ते तो प्लेस्टेशनचा डबा गुपचूप टिपून ठेवतो. काही अचाट घडलं की मागाहून बटण दाबायचं, चित्रण हाती. (असं बटण बांधावर असतं तर आपली अर्धी भांडणं तलाठ्यापर्यंत गेलीच नसती.) मग 'शेअरफॅक्टरी' नावाच्या फुकट ॲपमध्ये त्याची काटछाट करायची, नाव घालायचं आणि खाली संगीत लावायचं. या संगीतापाशी आमच्या घरात दोन महिने काय झालं, ते सांगायला हे पत्र आहे.

या डब्यावर 2015 पासून स्पॉटिफाय वाजते. खेळताखेळता पाहिजे तेवढी गाणी ऐका, कोणी अडवत नाही. पोट्ट्यानं झकास गाणी लावून तासभर नांगरणी केली, चित्रण उघडून पाहिलं, तर नुसती इंजिनाची घरघर. परक्यांची गाणी चित्रणात उतरू नयेत अशी आतूनच तजवीज आहे. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं दुसरी वाट शोधली. पेन ड्राइव्हमध्ये एका गाजलेल्या मराठी सिनेमाचं गाणं घेतलं, ते शेअरफॅक्टरीत ओढलं, नांगरणीला चिकटवलं आणि यूट्यूबवर चढवलं. चहा उकळून खाली उतरेपर्यंत चिठ्ठी हजर: हे गाणं अमक्यांच्या मालकीचं आहे!

यूट्यूबकडे 2007 पासून 'कंटेंट आयडी' नावाचा रखवालदार आहे. गाण्यांचे मालक आपापला माल त्याच्याकडे आधीच ओळखीसाठी देऊन ठेवतात. नवा व्हिडिओ आला की तो सगळ्यांशी जुळवून बघतो. जुळला तर मालकानं ठरवायचं की व्हिडिओ बंद करायचा, नुसती नजर ठेवायची, की जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे. आमचे पैसे वळवले. पाहणारे कोण? मी, याची आई आणि मोहाडीहून दादा. एवढ्या कमाईत त्या मालकाच्या घरी बटाट्याची भाजी तरी झाली असेल का, मला शंका आहे. याची आई घाबरून म्हणाली, "पोलीस तं येणार नाही ना?" पोलीस येत नाहीत. ज्या तीन झाल्या की चॅनल बंद होते त्या 'स्ट्राइक' वेगळ्या, ही साधी मालकीची नोंद. पोट्टा मात्र छाती फुगवून हिंडत होता. एका मोठ्या कंपनीनं आपला व्हिडिओ पाहिला, असा त्याचा समज.

मी म्हटलं, चिंता काहून करता, तेच गाणं मी पेटीवर वाजवून देतो. मग ना कंपनी, ना रेकॉर्ड. पण कायदा तिथंही आडवा येतो. मी वाजवलं तर ध्वनिमुद्रण माझं झालं, चाल काही माझी होत नाही. भारतात गीतकार-संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं ती त्यांच्या वारसांची, आणि इथं कॅनडात तर 2022 च्या शेवटी पन्नासाची सत्तर वर्षं केली. याच्या आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पेटी न वाजवायचं हे पहिलंच कारण मला मनापासून पटलं."

तर मग आपलंच, कोणाच्या मालकीचं नसलेलं संगीत आणायचं कुठून? वहिनींना आठवत असेल, पावसाळ्यात त्यांनी बांधीतून एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात, आणि बायका ओणव्या होऊन परे रोवत गाणं म्हणताहेत. ते गाणं कोणी रचलं हे कोणाला माहीत नाही, आणि आवाज वहिनींचा. कायद्यानं एकदम चोख! व्हॉट्सॲपवरचा आवाज 'ओपस' नावाच्या बांधणीत येतो, तो आमच्या डब्याला पचत नाही. मी त्याची एमपी3 करून दिली. पोट्ट्यानं इंजिन बारीक केलं, वहिनींना मोठं केलं.

पेन ड्राइव्हमध्ये पहिला व्हिडिओ तोच आहे. पिवळ्याधम्मक गव्हात हिरवा हार्वेस्टर शिरतो. वहिनी एक ओळ म्हणतात, मागून बायका ती उचलतात, मधेमधे चिखलात पाय रुतल्याचा आवाज. हार्वेस्टर वळणावर येतो आणि नेमकी कोणीतरी मावशी ओरडते, "सरक ना बाई, माह्या पायावर पाय देऊन राहिली!" त्याच क्षणी हार्वेस्टर कुंपणाला धडकतो. मी म्हटलं, हे कापून टाक. पोट्टा म्हणाला, "बाबा, हेच तर सगळ्यात भारी आहे." पोट्ट्याला समजते.

त्यावर तू फोनवर जे बोललीस ते अजून आमच्या कानात आहे. "मेल्यांनो, गव्हाच्या कापणीला रोवणीचं गाणं लावते का कोणी? बारशाला मंगलाष्टका म्हणाल का उद्या?" मी सांगायचा प्रयत्न केला की आई, हा खेळ आहे, इथं रोवणीच नाही, कारण धानच नाही. तुझं म्हणणं एकच, धान नाही तर खेळूच नका. स्वित्झर्लंडला हे कळवायची माझ्याकडे सोय नाही. पण पोट्ट्यावर त्याचा परिणाम झाला. त्यानं भिंतीवर एक कागद लावला आहे आणि त्यावर लिहिलं आहे: नांगरणी, पेरणी, कापणी, चुरणा. पुढे मोकळी जागा. कोणत्या कामाला कोणतं गाणं, हे तुला विचारून भरायचं आहे. चुरण्याच्या रात्री खळ्यात काय म्हणत होते, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. त्याला सांग.

आता दादा. (दादा, चष्मा ठेव खाली.) दंडारीत तू ढोलकी धरायचास, हे पोट्ट्याला माहीतच नव्हतं. त्याला मी झाडीपट्टीची सगळी गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपटाच्या बैलांची धूळ खाली बसत नाही तोच वडशाच्या कंपनीचं नाटक लागते, रात्री सुरू होते ते उजाडेपर्यंत. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली हेही सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न: "रात्रभर? पॉज नाही?" पॉज नाही रे बापा, चहा आहे.

मग त्यानं तुला बिनआवाजाचा व्हिडिओ पाठवला आणि तू ओसरीवर मोबाइल उभा करून त्यावर ढोलकी वाजवलीस. त्याचं कौतुक इथं अजून संपलेलं नाही. पोट्ट्याच्या व्हिडिओत संगीत आरंभापासून शेवटपर्यंत कोसळायचं, श्वास घ्यायला जागा नाही. तू मात्र ट्रॅक्टर सरळ चालला होता तेव्हा हात आवरलास, नुसती एक बारीक टिचकी. वळणावर उचललंस. ट्रॉली उलटली तेव्हा थाप दिलीस आणि थांबलास. तू थांबलास तिथं आम्ही सगळे हसलो. पोट्टा तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहत होता. त्यानं तुला विचारलं, मोठे बाबा, कुठं थांबायचं हे कसं समजते? तू म्हणालास, "नटाकडे पाहाचं, ढोलकीकडे नाही." शेअरफॅक्टरीत असलं बटण नाही. एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी: मधे ट्रॅक्टर मिनिटभर नुसता उभा आहे आणि तू तिथं फार करुण वाजवलं आहेस. तो प्रसंग करुण नव्हता, पोट्टा पाणी प्यायला गेला होता.

भंडाऱ्याहून आणलेला पितळी गुंड आठवतो? याच्या आईनं सामानाच्या वजनावरून विमानतळावर भांडून आणला तो. त्याचंही आता संगीत झालं आहे. तळघराच्या जिन्यावरून तो सोडून दिला तर प्रत्येक पायरीला वेगळा सूर लागतो, शेवटी फरशीवर गरगर फिरून गप होतो. गाडी दरीत जाते तिथं तो लावला आहे. गुंडाला पोचे पडले आणि पोट्ट्याला बोलणी, पण आवाज खणखणीत आहे. भंडाऱ्याच्या पितळेबद्दल इथं कोणाला शंका उरलेली नाही.

एक भानगड मात्र झाली. मायक्रोफोनचा आवाज चित्रणात घ्यायचा की नाही, याची सेटिंगमध्ये एक खूण असते. ती चालूच राहिली. त्यामुळे एका व्हिडिओत पेरणीचं सुंदर दृश्य, खाली दादाची ढोलकी, आणि वरून याच्या आईचा आवाज: "जेव ना भैताडा, भात गार होऊन राहिला!" पोट्ट्याच्या वर्गातल्या मित्रांना, ज्यांच्या सात पिढ्यांनी भंडारा पाहिला नाही, हे वाक्य पाठ झालं आहे. आता खेळात कोणी हरला की ते एकमेकांना तेच म्हणतात, उच्चार जवळजवळ बरोबर. मराठी मंडळानं शाळा काढून जे साधायचं ते याच्या आईनं स्वयंपाकघरातून साधलं.

तर पेन ड्राइव्ह टीव्हीवर पाहून झाला की त्यात आवाज भरून त्याच गृहस्थांच्या हाती परत पाठवायचा आहे. पाडव्याला गायगोधनाच्या वेळी गोवारी डफ आणि बासरी घेऊन निघतात, ते हवं. मंडईतली खडी गंमत हवी, निदान ढोलकीपुरती. धानाच्या गिरणीचा पट्टा सुरू होतानाचा आवाज हवा, तो ट्रॅक्टरला शोभेल. पण मंडईत लाउडस्पीकरपासून लांब उभं राहा. मागे कुठं सिनेमाचं गाणं वाजत असलं तरी तो रखवालदार तेवढं बरोबर हुडकतो, आणि मग आपल्या गोवाऱ्यांच्या बासरीचे पैसे मुंबईला जातील. पेन ड्राइव्ह मोबाइलच्या दुकानात कोणाला 'साफ' करायला देऊ नये. तो 'एक्सफॅट' पद्धतीचा आहे, 'एनटीएफएस' पद्धतीचा केला तर आमचा डबा त्याला घरात घेत नाही.

वहिनींनी मानधनाचं विचारलं होतं. बरोबर आहे, ध्वनिमुद्रणाच्या मालक त्याच. आंधळगावला जाऊन कोशाची एक साडी घ्यावी, पैसे मी पाठवतो. पायावर पाय दिलेल्या मावशींनाही काहीतरी द्यायला हवं, त्यांची भूमिका लहान असली तरी गाजली आहे. पावती मात्र पोट्ट्याच्या नावानं घ्यावी, त्याला ती निर्मितीखर्चात दाखवायची आहे.

थंडी सुरू झाली. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. आई, पोट्टा म्हणतो, मंगलाष्टकांवरून तू जे रागावलीस ते फोनवर होतं, त्यामुळे रेकॉर्ड झालं नाही. ते त्याला पुन्हा हवं आहे, तितक्याच रागानं, आणि 'मेल्यांनो' जरा लांबवून. हार्वेस्टर बुडतो त्या जागी लावायचं आहे.