बारदानासकट

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, साखरेचा रिपोर्ट चष्म्याखालून वाचला आणि म्हणाले, "वजनाचं एक टार्गेट ठरवा बघू."

तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हा शब्द ऐकला की मार्च महिना आठवतो. ठेवींचं टार्गेट, वसुलीचं टार्गेट, विम्याच्या पॉलिसी गळ्यात मारायचं टार्गेट. पण तिथे एक सोय होती. आकडा वरून यायचा. वरच्यांच्या नावानं बोटं मोडायची आणि कामाला लागायचं. इथे आकडा मीच काढायचा, मीच गाठायचा. म्हणजे बोटं मोडायची तर स्वतःच्याच नावानं.

उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. नेरूळला घरी येऊन मी जुनी डायरी काढली.

"लग्नात तुम्ही ५८ होतात, तेच लिहा," बायको आतून म्हणाली.

"लग्नाचे फोटो बघ. त्यात मी नवरदेव कमी आणि फेटा टांगायची खुंटी जास्त दिसतोय."

"अहो, पण माझ्या मामांनी तेवढ्यावरच पसंत केलं होतं ना?"

यावर उत्तर नव्हतं. ५८ डायरीत नोंदवलं, कंसात 'सासुरवाडी' असं लिहून.

दुसरा आकडा लहानपणापासून ऐकलेला. उंचीच्या सेंटिमीटरमधून शंभर वजा करायचे. हे सूत्र ब्रोका नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावर आहे. त्याच्या हिशेबानं मी ६८ किलो असायला हवा. म्हणजे दहाच किलो जास्त. ब्रोका मला एकदम घरचा माणूस वाटला. पण पुढे वाचलं की नंतरच्या लोकांनी त्यातून आणखी दहा टक्के वजा करायला सांगितलं. घरच्या माणसाचेही शेवटी कोणीतरी कान फुंकतंच.

तिसरं सूत्र १९७४ सालचं, डिव्हाइन नावाच्या डॉक्टरचं. पुरुषाच्या पाच फुटांना ५० किलो आणि वरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो. माझे झाले ६४. हे सूत्र मुळात औषधाचा डोस ठरवण्यासाठी केलेलं. म्हणजे औषधाच्या लेखी मी ६४ किलोचा. वरचे चौदा किलो माझ्याबरोबर नुसते सोबतीला आलेले.

आणि मग ते सगळ्यांना ठाऊक असलेलं बीएमआय. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हा भागाकार काढणारा क्वेटेले बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ होता. ताऱ्यांची गणितं करता करता त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा नाद लागला आणि १८३० च्या दशकात त्याच्या ध्यानात आलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कोण लठ्ठ आणि कोण सडपातळ, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, तेव्हा क्वेटेलेला जाऊन जवळजवळ शतक लोटलं होतं.

माझा बीएमआय २७.६. साडेअठरा ते पंचवीस ही जगाची हद्द. माझ्या उंचीला ती ५२ किलोंपासून साडेसत्तर किलोंपर्यंत पसरते. मधल्या फरकात आमचा नातू दप्तरासकट बसेल. पण हा आनंद पानाच्या शेवटापर्यंतच टिकला. भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात, म्हणून आपल्या डॉक्टरांनी २००९ साली मर्यादा खाली आणली: २३ च्या वर वजन जास्त, २५ पासून लठ्ठ. म्हणजे जगाचा नागरिक म्हणून मला ७० चालतं आणि भारताचा नागरिक म्हणून ६५. केवळ पासपोर्टापायी पाच-साडेपाच किलोंचा भुर्दंड.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली आपला 'संदर्भ पुरुष' ६० किलोंवरून ६५ वर नेला आणि 'संदर्भ स्त्री' ५० वरून ५५ वर, तेव्हा मला वाटलं होतं की चला, सरकारदरबारी पाच किलो मंजूर झाले. पण त्या संदर्भ पुरुषाची उंची १७७ सेंटिमीटर निघाली. आमच्या सोसायटीत एवढी उंची फक्त वॉचमनची आहे, आणि तो रात्रभर उभा असतो.

डायरीत आता ५८, ६८, ६४, ७० आणि ६५ असे आकडे झाले. लॉटरीच्या तिकिटासारखे दिसत होते.

"यात अंगकाठी कुठाय?" बायकोनं मागून डोकावून विचारलं.

खरंच की. आपल्याकडे माणसाचं वर्णन वजनानं कधी केलंच नाही, अंगकाठीनं केलं. लहान चणीचा, हाडापेरानं मोठा, फाटक्या अंगाचा, अंगापिंडानं भरलेला, काडीपैलवान. मुलगी बघायला गेलेली आत्या परत येऊन 'चणीनं लहान आहे, पण अंगात धरेल हळूहळू' असं सांगायची, त्यात हाडं, मांस आणि पुढच्या दहा वर्षांचा अंदाज असं सगळं यायचं. 'तब्येत सुधारली हो तुमची' या एका वाक्यात आपण समोरच्याला जाडा म्हणतो आणि तो 'तुमच्या कृपेनं' म्हणतो. कुठलं यंत्र इतक्या मऊ हातानं वजन सांगेल?

अंगकाठीचा विचार एका विमा कंपनीनं मात्र केला होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफनं १९४० च्या दशकात उंची-वजनाचे तक्ते काढले, त्यात लहान, मध्यम आणि मोठी चण असे तीन रकाने होते. पण आपली चण कुठली हे ओळखायचं कसं, ते सांगायचं राहून गेलं. साहजिकच जो तो स्वतःला मोठ्या रकान्यात बसवायचा. मीही बसवलं असतं. १९८३ च्या सुधारित तक्त्यात त्यांनी कोपराच्या हाडाची रुंदी मोजायला सांगितली. शिवाय त्या तक्त्यात पुरुषांच्या कपड्यांचे पाच पौंड, बायकांच्या कपड्यांचे तीन पौंड आणि बुटांच्या टाचेचा एक इंच धरलेला होता. विमा कंपनीनं माणसाला बूट घालून तोलावं, यात मला माणुसकी दिसली.

मनगट धरून बघायची युक्तीही आहे. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती नेऊन एकमेकांवर चढली तर चण लहान, नुसती टेकली तर मध्यम, पोचलीच नाहीत तर मोठी. मी करून पाहिलं. टेकली. बायको म्हणाली, "आमच्या कासारणीला हे फुकटात कळायचं." खरंच, ती हात हातात घेऊन नुसता दाबायची आणि 'दोन-चार' किंवा 'दोन-सहा' म्हणायची. दोन इंच आणि वर चार किंवा सहा सोळांश. रुपयाचे सोळा आणे जाऊन कित्येक वर्षं झाली, पण बांगडी अजून सोळांशातच चालते. बायकोच्या दोन-चारच्या दोन-आठ झाल्या आहेत, हे तिनं स्वतःहून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एवढ्या आकड्यांनंतर वाटलं, आधी आपलं आजचं वजन तरी पक्कं करू. घरचा काटा बाथरूमच्या तीन फरश्यांवर तीन वजनं दाखवतो. लहानपणी दादरच्या प्लॅटफॉर्मवर लाल दिव्यांचं यंत्र होतं; नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट खटकन पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. तेव्हा आम्ही भविष्य वाचायचो. आता सकाळी चालायला जातो तिथे, होल्डिंग पॉण्डच्या कडेला, छत्रीखाली एक टेबल असतं, 'मोफत तपासणी' लिहिलेलं. तिथल्या यंत्रानं माझ्या शरीराचं वय ६९ सांगितलं आणि यंत्रवाल्यानं लगेच त्यावरच्या उपायाचा डबाही दाखवला. मी अठ्ठावन्नचा आहे. शरीर माझ्याआधी अकरा वर्षं कुठे होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी वाशीला एपीएमसीत गेलो. माझ्या एका शाळासोबत्याचा कांदा-बटाटा बाजारात गाळा आहे. तिथला काटा वैधमापन खात्याच्या शिक्क्याचा. खोटं बोलला तर दंड होतो, हे माझ्या घरच्या काट्याला कोण सांगणार?

सकाळचे नऊ वाजले होते. सौदे उरकत आले होते. पायाखाली कांद्याची पातळ तांबूस सालं, त्यांचा तो गोडसर उग्र वास, आणि काट्यापाशी तोलणार मामा, कानावर पेन्सिल आणि मांडीवर वही घेऊन बसलेले. वजन करायचंय म्हटल्यावर त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत असं पाहिलं, की मला आपल्याला कोंब फुटलेत की काय अशी शंका आली.

"चपला काढा साहेब. मोबाइल काढा. किल्ल्या."

मी काट्यावर चढलो. लाल आकडे लुकलुकले आणि थांबले.

"अठ्ठ्याहत्तर दोनशे," मामा म्हणाले, आणि वहीत न लिहिताच पुढे, "बारदानासकट."

मित्र खदखदून हसला. मामा मात्र हसले नाहीत, त्यांच्या दृष्टीनं तो विनोद नव्हताच. गोणी तोलली की रिकाम्या गोणीचं वजन वजा करायचं, त्याशिवाय मालाचं वजन कळत नाही. गावाकडच्या बाजारात वर कडताही कापायचे, माती आणि ओलीच्या नावाखाली किलो-दीड किलो. शेतकऱ्यांनी त्यावर पिढ्यान् पिढ्या तळतळाट दिले. मी इतके दिवस स्वतःला कडताच लावत होतो: शर्टाचे अमुक, पाकिटाचे तमुक, काल रात्रीच्या श्रीखंडाचे वेगळे. पण बारदान?

बाजूनं एक माथाडी पन्नास किलोंची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढला. उंचीला माझ्याएवढाच. उतरल्यावर मित्रानं त्यालाही काट्यावर उभा केला. शहात्तर. म्हणजे बीएमआय जवळजवळ २७. सूत्राच्या लेखी आम्ही दोघं लठ्ठच. त्याची मान माझ्या मांडीएवढी होती आणि पोट पाटीसारखं सपाट. त्याच्यात सगळा मालच होता.

ही गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःवरच दाखवून ठेवली आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय हुबेहूब सारखा, २२.३. तक्त्याप्रमाणे दोघेही उत्तम. मग क्ष-किरणांच्या यंत्रानं चरबी मोजली: युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. लेख एका पानाचा, आणि त्यातलं कारणही मिश्किल दिलंय. युडकिन मॅरेथॉन धावतात. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयात लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. विज्ञानाच्या नियतकालिकात माझं चरित्र छापून आल्याचा आनंद मला त्या वाक्यानं दिला. पण त्यांनी दुसरंही एक कारण नोंदलं होतं: जन्माच्या वेळी त्यांचं स्वतःचं वजन कमी होतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या चमूनं गरोदर बायांची आणि बाळांची मापं घेतली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचं मांस कमी, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. काडीसारखं बाळ आणि आत लोण्याची ठेव. म्हणजे बारदान आपण जन्मतःच घेऊन येतो, आणि पुढे फ्लॅटमध्ये त्यावर व्याज चढतं. कांदा चाळीत ठेवला की वजनात घटतो. माणूस चाळीतून काढून फ्लॅटमध्ये ठेवला की वाढतो. लालबागहून नेरूळला आल्यावर मी बावीस वर्षांत सोळा किलो वाढलो, आणि सिडकोनं जादा चटईक्षेत्र मात्र दिलं नाही.

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी ड्रॉवरमधून शिंप्याची असते तशी टेप काढली. "काट्याचं राहू द्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी पाहिजे. तुमची ८४ च्या आत." मी ठामपणे म्हटलं, माझी पँट चौतीसची आहे, म्हणजे फार तर दोन-तीन सेंटिमीटर वर. ते म्हणाले, "पँटची नाही, तुमची." आणि शेवटची फासळी नि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरली. ९७. तेव्हा लक्षात आलं की माझी पँट कंबरेवरून जातच नाही. पाम बीच रोड खाडीला वळसा घालून जातो तशी ती पोटाखालून जाते.

डायरीत मी नवा आकडा लिहिला, ७२. कुठल्याच सूत्राचा नाही. ५८ आणि ७८ यांची बेरीज करून अर्धी केली तर ६८ येतात, त्यात मी म्हणालो पाच घाल, बायको म्हणाली तीनच, आणि शेवटी तिनं चार दिले. वाशीच्या भाजीवालीला तिनं इतकी सवलत कधी दिलेली नाही.

तीन महिने चाललो. जिने चढलो. भात निम्मा केला, चतकोर भाकरी वाढवली, आणि चालून झाल्यावर खाल्लेले वडापाव हिशेबात धरले. परवा पुन्हा गाळ्यावर गेलो. चपला, किल्ल्या, मोबाइल न सांगताच काढून ठेवले.

"पंच्याहत्तर," मामा म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "तीन किलोची घट आली साहेब. मालात आली का बारदानात?"

मी मान खाली घालून पोटाकडे पाहिलं. मागे गोणी घेऊन उभा असलेला माथाडी म्हणाला, "मामा, तेवढं त्यांना खाली घ्या, गाडी थांबलीय."