बसतंय की!

दोन सीटच्या, छप्पर उघडणाऱ्या गाडीचा मालक गाडी चालवतो कमी आणि चाकांकडे बघत उभा जास्त राहतो. माझा भाचा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जवळ राहतो. त्याच्याकडे 2007 सालची माझदा एमएक्स-5 आहे; तिकडे तिला सगळे मियाटा म्हणतात. गाडीला काहीही झालेलं नाही. चारही चाकं व्यवस्थित गोल आहेत. पण ती कंपनीतून आलेली चाकं आहेत, आणि मियाटावाल्यांच्या मेळाव्यात कंपनीची चाकं घेऊन जाणं म्हणजे घरच्या लग्नात ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवून फिरणं.

“मामा, चाकं बघायला येतोस?” त्यानं विचारलं. मी उठून बॅगेतून व्हर्नियर काढला. सगळी नोकरी भोसरीत, टूलरूमच्या इन्स्पेक्शनला गेलेली. माणसाला सवय असते. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “मेतकूट राहिलं घरी, हे मात्र आठवणीनं आणलंत!”

तर त्या गाडीची पीसीडी 5×114.3. म्हणजे पाच स्टड, आणि ते ज्या वर्तुळावर उभे आहेत त्याचा व्यास 114.3 मिलिमीटर. शेपटाचा तो .3 कुठून आला, हे मी उमेदवारीच्या पोरांना हमखास विचारायचो. साडेचार इंच! गाडी जपानी, ड्रॉइंग मेट्रिक, आणि पोटात इंच तसाच बसलेला. इंग्रजी राज्य गेलं तरी आपल्याकडे नळाचे पाइप अर्धा इंचीच राहिले, त्यातलाच प्रकार.

या मियाटाच्या खानदानातही एक गंमत आहे. 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिली मियाटा लोकांसमोर आली, तिला चार नट आणि पीसीडी 100. दुसऱ्या पिढीचंही तेच. तिसरी पिढी, म्हणजे भाच्याची, आरएक्स-8 या थोरल्या चुलत भावंडाबरोबर वाढली, म्हणून तिला पाच नट आणि 114.3. चौथी पुन्हा चार नटांवर आली. नातवंडं आजोबांवर गेली, बाप मधल्यामध्ये वेगळा. त्यामुळे कुणी ‘मियाटाची चाकं विकणे आहे’ म्हटलं, की आधी कुठल्या पिढीची ते विचारावं लागतं.

आम्ही बघायला गेलो ती मात्र होंडाची होती. सिविक एसआयची, काळी, तकतकीत. विकणाऱ्या गृहस्थांनी खिशातून लोखंडी टेप काढली आणि एका भोकावरून समोरच्या भोकावर ताणली. आता चार भोकांच्या चाकाला हे चालतं. पाच भोकांत समोर भोकच नसतं! गृहस्थ टेप थोडी इकडे, थोडी तिकडे सरकवत राहिले आणि शेवटी “साडेचार इंच, जवळपास” असं म्हणाले.

जवळपास! आमच्याकडे हा शब्द रिपोर्टात लिहिला असता तर साहेबांनी मलाच रिजेक्टच्या पेटीत टाकलं असतं.

मी गुडघ्यावर बसलो. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजलं. 67.2. त्याला 1.701 नं गुणलं. 114.3. गृहस्थ माझ्याकडे भविष्य सांगणाऱ्याकडे बघावं तसे बघू लागले. भाचा तर पाकीट काढून तयार. “बसतंय की, मामा!”

“थांब.” व्हर्नियरचे वरचे जबडे मी चाकाच्या मधल्या मोठ्या भोकात घातले. 64.1. माझदाचा हब 67.1 चा. चाकाचं भोक मोठं असतं तर मध्ये एक कडं घालून भागलं असतं, बाजारात तशी प्लॅस्टिकची आणि ॲल्युमिनियमची कडी मिळतात. पण लहान भोकाला कडं कुठलं? पाचही स्टड आपापल्या भोकाशी येऊन उभे राहणार आणि चाक बाहेरच अडकणार.

“मशीन शॉपमध्ये नेऊन बोअर वाढवून घ्या,” गृहस्थ म्हणाले. खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बाजूला जेमतेम दीड मिलिमीटर. फेसप्लेटवर चाक बांधायचं, डायल लावायचा, हलक्या हातानं टूल फिरवायचं. किती वर्षांत लेथचा वास नाही घेतला! पण तेवढ्यात नटाच्या बैठकीवर बोट फिरवलं, तर ती गोलाकार. होंडाच्या स्वतःच्या चाकांना गोल बैठकीचे नट लागतात, माझदाचे नट 60 अंशांच्या शंकूचे. आटे मात्र दोघांचे एकच, 12 चे, 1.5 पिचचे. म्हणजे माझदाचा नट त्या चाकात गुमान फिरणार, घट्ट झाल्यासारखा वाटणार, आणि आत शंकू गोल बैठकीला नुसता एका रेघेवर टेकलेला असणार. तो कधी सैल होईल ते त्यालाच ठाऊक.

मला अजिबात न बसणाऱ्या चाकाचा कधी राग येत नाही. ते पहिल्याच क्षणी तोंडावर ‘नाही’ म्हणतं. भीती वाटते ती जवळजवळ बसणाऱ्याची. कित्येक जर्मन गाड्यांची पीसीडी 112. या 112 च्या आणि आपल्या 114.3 च्या शेजारच्या भोकांमधल्या अंतरात दीड मिलिमीटरचाही फरक नाही. दोन नट हातानं लागतात, उरलेले पान्यावर पाय देऊन ओढून बसवणारे पहिलवान दोन्ही देशांत आहेत. स्टड बिचारे वाकून उभे राहतात, गाडी गल्लीत छान चालते, आणि हायवेला लागली की स्टिअरिंग थरथरायला लागतं.

शेवटी त्या चुलत भावंडाचीच, आरएक्स-8 ची, चाकं मिळाली. पाच भोकं, 114.3, मध्ये 67.1, शंकूचीच बैठक. 18 इंची, रुंदी 8, ऑफसेट, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर, 50 मिलिमीटर. भाच्याची जुनी 7 रुंदीची, ऑफसेट 55. म्हणजे नवं चाक बाहेर जवळपास 18 मिलिमीटर येणार आणि आत 8 मिलिमीटर जाणार. (इथे मीच ‘जवळपास’ म्हटलं. पण दशांश माझ्या वहीत आहेत.) जॅकवर घेऊन स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून पाहिलं, ब्रेकच्या कॅलिपरमागे बोट घालून पाहिलं, मडगार्डखाली टॉर्च मारला. कुठेही घासत नव्हतं. नट चांदणीच्या क्रमानं आवळले, टॉर्क रेंचनंच.

भाचा दहा पावलं मागे गेला. मान एका बाजूला केली. मग दुसऱ्या बाजूला.

“मामा, मागची किंचित आत गेल्यासारखी वाटतात ना रे? पाच मिलिमीटरचा स्पेसर टाकला तर?”

स्पेसर टाकल्यावर स्टडवर नटाला धरायला किती आटे उरतील, ते मोजायला मी पुन्हा खाली बसलो. वर उठवायला दोघं लागले.