टर्बोपंत

बॉनेटखाली डोकं घालून उभा असल्यामुळे सोसायटीला मुख्यत्वे पाठमोराच ठाऊक असलेला एक गृहस्थ पुण्यातल्या बहुतेक पार्किंगमध्ये आढळतो. त्याला आपण टर्बोपंत म्हणू. वय पंचेचाळीसच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीला, गाडी फियाट पालिओ १.२. ही गाडी २००१ साली भारतात आली तेव्हा पंत कॉलेजात होते आणि प्रेमात पडायचं ते तेव्हाच पडून झाले. वहिनींची भेट नंतरची. हा क्रम वहिनींना माहीत आहे.

पंतांची तक्रार एकच. गाडीचा पत्रा दणकट, बैठक उत्तम, पण इंजिनात दम नाही. तेव्हा टर्बोवालं इंजिन बसवायचं. "मात्र रोज ऑफिसला न्यायची गाडी आहे, भरवशाचंच पाहिजे," हे ते इतक्या गांभीर्याने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता ऑफिसला निघतीलच.

शहाण्या माणसाने १.३ मल्टिजेट निवडलं असतं. फियाटचं हे १२४८ सीसीचं डिझेल पुंटोत होतं, स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टात होतं. मोटारींवर लिहिणारे त्याला चक्क राष्ट्रीय इंजिन म्हणत. टायमिंगला बेल्टऐवजी चेन. सुटा भाग मागा, नाना पेठेतला दुकानदार मान वर न करता काउंटरवर ठेवतो. पण नेमकं हेच पंतांना खुपलं. "कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला चालवतो ते मी चालवू?" भरवसा हवा, पण तो इतरांना मिळालेला नको.

मग मन बसलं ते लिनियाच्या १.४ टी-जेटवर. पेट्रोल, १३६८ सीसी, ११४ अश्वशक्ती. हे इंजिन आणि पालिओचं जुनं १.२, दोन्ही फियाटच्या एकाच ‘फायर’ घराण्यातली, हे कळलं त्या दिवशी पंतांनी घरी पेढे आणले. "भाऊबंद आहेत, सहज जमेल!" भाऊबंद आहेत म्हणजे जमेल, हा निष्कर्ष मराठी माणसाने कसा काढला, देव जाणे.

इंजिन कुर्ल्याच्या भंगारातून आलं. (याच कुर्ल्यात एके काळी प्रीमियर पद्मिनी जोडली जायची, आता तिथे गाड्या सुट्या करून विकतात.) पुढे कळलं की इंटरकूलर ठेवायला जागा नाही, जुना क्लच एवढा जोर झेलणार नाही, ड्राइव्ह शाफ्टचं माप पुन्हा बघावं लागेल. सगळ्यांवर कडी म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर फक्त आपल्या जुन्या किल्लीला ओळखतो, आणि ती किल्ली राहिली भंगारवाल्याच्या डब्यात. गॅरेजवाला शांतपणे म्हणाला, "इंजिन एका दिवसात बसतंय साहेब. बाकीचं बसंल तवा बसंल." आरटीओचा विषय निघाला की पंत चहा मागवतात. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो, बदलाला मंजुरी लागते, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी विचारते की ही गाडी कोणती. चहा संपेपर्यंत विषय बदललेला असतो.

अखेर इंजिन बसलं, कागदही झाले. टर्बोतलं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि त्याच्या बेअरिंगला तेल मिळतं ते इंजिन चालू असेतोवरच. म्हणून जोरात पळवून आणलेली गाडी लगेच बंद करू नये, थोडी चालू ठेवावी. गाडी हळू आणली असेल तर याची गरज नसते, आणि हिंजवडीहून हळू आल्याखेरीज कोणाला येता येत नाही. तरी पंत पार्किंगमध्ये पोचल्यावर डोळे मिटून चालू गाडीत बसून राहत. वॉचमनला ते संध्या करतात असं वाटे. टर्बोचा खरा जोर इंजिनाच्या मिनिटाला साधारण २२०० फेऱ्यांपाशी, तोही ॲक्सिलरेटर दाबल्यावर. वाकडच्या पुलापुढे दाबायचा असतो तो ब्रेक.

गाडी अधूनमधून बंद पडते, पण तिचा भरवसा पंत कोर्टात शपथेवर सांगतील. एकदा टर्बोचा पाइप सुटला, एकदा पेट्रोल पंपाची वायर जळली, एकदा रेडिएटरचा पंखा फिरेना. "इंजिन मात्र एकदाही बंद पडलेलं नाही," हे वाक्य ते बहुधा टोइंगच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी बसून बोलतात. मागे साखळीला पालिओ.

परवाचा ड्रायव्हर नवखा होता. त्याने बूस्टपासून बेअरिंगपर्यंत सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग साहेब, रोज हीच नेता ऑफिसला?"

"छे, छे," पंत म्हणाले. "रोज कंपनीची बस आहे ना."