जिओटॅग फोटोसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. जिओटॅग फोटोसाहेब,
तहहयात अध्यक्ष, सर्व विद्यार्थी मंडळे,
मुक्काम २०.९३ उत्तर, ७७.७५ पूर्व (अमरावती) आणि २०.७० उत्तर, ७७.०० पूर्व (अकोला)



वऱ्हाडातल्या कुठल्याही कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयाचे माहितीपत्रक उघडावे, तर विद्यार्थी मंडळांची यादी पाहून छाती अभिमानाने भरून येते. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, वाणिज्य मंडळ, इतिहास मंडळ, इको क्लब, राष्ट्रीय सेवा योजना, शिवाय अमुक कक्ष आणि तमुक सेल. प्रत्येकाला एक समन्वयक प्राध्यापक असतात, एक विद्यार्थी अध्यक्ष असतो आणि फ्लेक्सवर एक बोधवाक्यही असते. पण ही सारी पदे शोभेची आहेत आणि खरे अध्यक्ष आपणच आहात, हे जाणकारांना केव्हाच कळले आहे. पाहुण्यांच्या हाती रोपटे दिले जाते तेव्हा पाहुणे रोपट्याकडे बघत नाहीत, देणाऱ्याकडेही बघत नाहीत, आपल्याकडे बघतात. आपण 'झालं' म्हणालात की प्रास्ताविक, मनोगत आणि आभार प्रदर्शन ही राहिलेली कामे कितीही भरभर उरकली तरी चालतात. अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ कपाळावर गोंदवून आपण फाईलमध्ये विराजमान झालात की मंडळाचे त्या वर्षीचे जीवितकार्य सुफळ संपूर्ण होते.

आपल्यावर अन्याय होऊ नये म्हणून आधी आपली थोरवी सांगतो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे सर्वांच्या ओठी असलेले 'नॅक', १९९४ साली स्थापन झाले. महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा सहभाग किती, उपक्रम किती, समाजाशी संबंध किती, असे प्रश्न बाहेरून कोणीतरी येऊन विचारू लागले आणि ते विचारायलाच हवे होते. नुसत्या शब्दांवर भागत होते तेव्हा न झालेले कार्यक्रमही अहवालात झोकात पार पाडता येत. आपण पुरावा म्हणून आल्यापासून निदान वीस-पंचवीस माणसांना खरोखर एका जागी येऊन उभे राहावे लागते, आणि ही प्रगती लहान नाही. परंतु साहेब, आपले ज्ञान कुठे, कधी आणि किती एवढ्यावर संपते. कार्यक्रम कोणी ठरवला, पैसे कोणी आणि कशावर खर्च केले, ठरवलेले फसले तेव्हा जबाबदारी कोणी घेतली, हे आपल्याला दिसत नाही. मंडळ जिवंत आहे की नाही हे मात्र नेमक्या याच गोष्टींवरून कळते. जी पोरे कारभारी निवडू शकत नाहीत, पैशाला हात लावू शकत नाहीत आणि चुकूही शकत नाहीत, ती मंडळाची सभासद नसून प्रेक्षक असतात. त्यांची हजेरी भरते, एवढेच.

१९९४ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेनुसार नेमणूक सुरू झाली. वर्गात पहिला तो वर्गाचा प्रतिनिधी! परीक्षेतले गुण आणि माणसे जमवण्याचा गुण यांत फरक असतो, ही शंका कायदा करणाऱ्यांना शिवली नसावी. अमरावतीच्याच विदर्भ महाविद्यालयात शिकलेले सुरेश भट बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन १९५५ साली उत्तीर्ण झाले. या कसोटीवर मराठी गझलेच्या या सम्राटाला आपल्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळात सतरंजी उचलण्यापलीकडे वाव मिळाला नसता. पुढे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ही चूक सुधारली. महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि वर्गप्रतिनिधी विद्यार्थ्यांनी मत देऊन निवडावेत, असे त्यात लिहिले. २०१९ साली निवडणुका घेण्याची घोषणा झाली, मग त्या पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला. आता कोविड गेला, पण ढकलणे काही थांबलेले नाही. मतपेटी दाराबाहेर गेली आणि कॅमेरा आत आला. हा कट होता असे मी म्हणत नाही, पण रिकामी झालेली खुर्ची आपल्याला नेमकी बसली, एवढे तर खरे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: निवडणुका आल्या की मारामाऱ्या येतात. आक्षेप खोटा नाही. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि बंदीची मागणी तिथून जोर धरत गेली. पण त्याच १९८९ साली देशाने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले, हेही विसरू नये. म्हणजे देशाचे सरकार निवडायला जी पोरे शहाणी ठरली, तीच विज्ञान मंडळाचा सचिव निवडायला पाच वर्षांत नालायक ठरली. ग्रामपंचायतीला एकविसाव्या वर्षी उभे राहता येते. पदव्युत्तर वर्गातली दर्यापूर तालुक्यातली एखादी मुलगी गावाची सरपंच होऊ शकते, पाणीपुरवठ्याच्या निधीवर सही करू शकते, पण महाविद्यालयात तिला स्वागतगीताच्या रांगेत कुठे उभे राहायचे हेसुद्धा दुसऱ्याने सांगावे लागते. निवडणुकीत दांडगाई होऊ नये यासाठी लिंगडोह समितीने उपायही सांगून ठेवले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते २००६ साली लागू केले: खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये, हजेरीची अट, छापील पोस्टरला मनाई, हाताने लिहिलेलेच चालेल. छापील पोस्टरशिवाय सार्वजनिक कार्य होऊ शकते ही कल्पना आजच्या फ्लेक्सयुगात जरा क्रांतिकारक वाटेल, पण निदान एकदा करून पाहायला हरकत नव्हती. खून झाला म्हणून निवडणूकच बंद करायची, तर गावोगावच्या किती निवडणुका बंद कराव्या लागतील, याचा हिशोब आमदारांनी जरूर मांडावा.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आवाजात येतो: 'निवडणूक घेऊन करता काय? आजकालच्या पोरांना रसच नाही.' फोटोसाहेब, यासाठी आपण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात यावे. राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक करण्यासाठी गांधीग्रामहून कावडी निघतात. सुमारे अठरा किलोमीटर, रात्रभर, अनवाणी पायी. भरण्यांना, म्हणजे मोठ्या कावडींना, बांधलेल्या कळशांची संख्या मंडळागणिक चढत जाते. त्या भाराला किती खांदे लागतील, बदली खांदा कुठल्या वळणावर घ्यायचा, वर्गणी कोणाकडून किती, चहा-फराळ कुठे, मिरवणुकीत नंबर कितवा, हे सगळे गल्लीतल्या मंडळाची पोरेच ठरवतात. त्यांतली कितीतरी पोरे याच शहरातल्या महाविद्यालयांच्या पटावर असतात, आणि वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला त्यांना वर्गावर्गांतून गोळा करावे लागते. ही मंडळे आदर्श आहेत असे मुळीच नाही. त्यांचा डीजे कानठळ्या बसवतो, त्यांच्या वर्गणीच्या वहीतही कधी प्रकाश पाडण्याजोगे काही असते आणि पुढाऱ्यांचा हात खांद्यावर असतोच. तरीही तिथे पोरगा आपला मालक असतो, आणि चुकला तर रात्री अडीच वाजता भर रस्त्यात चुकतो. तिथेही फोटो निघतात, पण फोटोसाठी कावड निघत नाही. तेव्हा पोरांना रस नाही हे अनुमान चुकीचे आहे; जिथे त्यांचे काही चालत नाही तिथे रस नाही, एवढेच पुराव्यातून निघते.

आणि याच ठिकाणी महाविद्यालयाचे मंडळ गल्लीतल्या मंडळापेक्षा मोलाचे ठरते, कारण गल्लीतले मंडळ बहुतेक मुलांचेच असते. वऱ्हाडातल्या मुलीला घराबाहेर, नात्यागोत्याबाहेर, परक्यांबरोबर बसून काही ठरवण्याची जागा बऱ्याचदा महाविद्यालय हीच असते. तिची अडचण रसाची नसून एस. टी.ची असते. मूर्तिजापूर, बाळापूर, अचलपूर, अंजनगावकडे जाणाऱ्या मुलींचा दिवस बसच्या वेळेवर बेतलेला असतो; कार्यक्रम तीनला ठेवला, पाहुणे चारला आले, तर भाषण सुरू होताना निम्मी मागची बाके रिकामी होतात. त्यात सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरी माणूस हवे असते. मुलींच्या हाती वेळापत्रक दिले असते तर मंडळाची सभा दुपारच्या सुट्टीत भरली असती आणि शिबिराची तारीख वेचणी बघून ठरली असती. पण वेळ पाहुण्यांच्या सोयीने ठरते, आणि आपल्याला तर फक्त उजेड पुरेसा हवा असतो.

या मातीत संघटना उगवत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अमरावतीत राहून म्हणू नये. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. मोझरीहून तुकडोजी महाराजांचे गुरुदेव सेवा मंडळ गावोगाव पसरले, आणि त्याच्या सामुदायिक प्रार्थनेला कोणी परिपत्रक काढून माणसे बोलावली नाहीत. म्हणजे इथे आधी मंडळे झाली आणि मंडळांच्या पोटी महाविद्यालये जन्माला आली. आता महाविद्यालये मंडळांना जन्म देतात, त्यांचे बारसे करतात, फोटो काढतात आणि पाळण्यातच ठेवतात.

तिसरा आक्षेप असा की निवडणुका झाल्या तर बाहेरचे राजकारण आत येईल. जणू आज ते फाटकाबाहेर पावसात भिजत उभे आहे! विद्यार्थी संघटनांचे फलक आजही फाटकाला लागून असतात, आणि स्नेहसंमेलनाचा उद्घाटक कोण हा प्रश्न आजही वाङ्मयीन निकषांवर सुटत नाही. त्याहून गंमत अशी की महाविद्यालये चालवणाऱ्या कित्येक शिक्षण संस्थांच्या कार्यकारिणीच्या निवडणुका या भागात पॅनेल पाडून, मतदारांच्या घरी खेटे घालून, निकालाला गुलाल उधळून लढवल्या जातात. संचालकांना जे राजकारण पचते ते विद्यार्थ्यांना बाधेल, ही वैद्यकीय खात्री कोणी दिली? उलट ज्याने विसाव्या वर्षी निवडणूक हरून पाहिली, दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याशेजारी बाकावर बसून पाहिले, तो चाळिसाव्या वर्षी जरा बऱ्या रीतीने हरेल, अशी आशा करायला जागा आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, ज्याबद्दल आपण अत्यंत निर्विकार असता. प्रवेशाच्या पावतीवर गॅदरिंग, क्रीडा, वार्षिकांक, विद्यार्थी कल्याण अशी शीर्षके असतात आणि त्यांच्यापुढे लहान लहान रकमा असतात. एका पावतीवर त्या चहापाण्याइतक्या वाटतात, पण पटावरच्या सगळ्यांच्या मिळून त्या मंडळे चालवायला पुरेशा होतात. हे पैसे कशावर गेले हे पोरांनी विचारायचे नसते आणि त्यांना सांगायचे नसते. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या गाडगे महाराजांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या आणि त्यांचा कारभार विश्वस्तांवर सोपवला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातल्या एखाद्या महाविद्यालयाने मंडळनिहाय जमाखर्च सूचनाफलकावर लावला, तर बाबांच्या पुतळ्याला हार घालण्यापेक्षा ते काम अवघड असेल, हे मान्य आहे. खराटा हातात घेऊन आधीच झाडलेल्या रस्त्यावर आपल्यासमोर उभे राहणे त्याहून सोपे, हेही मान्य आहे.

समन्वयक प्राध्यापकांवर याचे खापर फोडावे असे मला वाटत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यावर तीन-तीन मंडळे, दोन समित्या आणि रिकाम्या जागांमुळे वाढलेले तास असतात, आणि पुरावा मागणाऱ्याला पुरावा देणे ही त्यांची नोकरी आहे. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाने सेवा योजना, क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक देऊन टाकले. हेतू चांगला, पण आता विद्यार्थीही आपल्याच दरबारात रुजू झाला. पूर्वी तो न येऊन निदान मत नोंदवत असे; आता श्रेयांकासाठी येतो, फोटोत उभा राहतो आणि बसस्टँडकडे निघतो. मूल्यांकन नको असे कोणीच म्हणत नाही. पण नॅकच्या समितीने यंदा फोटोंऐवजी मंडळाची इतिवृत्ताची वही मागावी, त्यात एखाद्या ठरावाला विरोधात मते पडली आहेत का ते पाहावे, हिशोबावर विद्यार्थी खजिनदाराची सही आहे का ते पाहावे, आणि एखादा फसलेला उपक्रम दाखवता आला तर त्याचे गुण वाढवावेत. सर्व ठराव एकमताने मंजूर झालेली वही दिसली की गुण कापावेत.

तेव्हा विनंती अशी की आपण येत्या शैक्षणिक वर्षापुरती बिनपगारी रजा घ्यावी. आपल्या गैरहजेरीत किती मंडळे बंद पडतात ते मोजता येईल. जी पडतील ती आधीच बंद होती असे समजून माहितीपत्रकातून वगळावीत, म्हणजे छपाईचा खर्चही वाचेल. उरतील त्यांना त्यांची रक्कम, एक खोली आणि आठवड्याचा एक तास द्यावा, आणि अध्यक्ष कोण ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
तिसऱ्या रांगेत डावीकडून अर्धा दिसणारा

प्रत माहितीसाठी :
१. समन्वयक, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष (फाईलला लावू नये)
२. सचिव, महाविद्यालयीन विद्यार्थी परिषद (२०१६ च्या कायद्याप्रमाणे निवडून आल्यावर, तोवर पाकीट आवक-जावक विभागात राहू द्यावे)