खजिनदार आणि त्याचा निळा पासपोर्ट

आमचा भाचा अमेरिकन आहे. म्हणजे जन्मानं. भाऊजींना कंपनीनं न्यू जर्सीला पाठवलं होतं, तेव्हा ताईचं बाळंतपण तिथं झालं. दात यायच्या आत बाळ पुण्यात परतलं आणि श्रीखंडावर वाढलं. निळा पासपोर्ट कपाटात चांदीच्या ताम्हणाखाली जपून ठेवलेला. स्थळं यायला लागली की ताई तो बाहेर काढायची.

पुढं तो हिंजवडीत नोकरीला लागला, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की तुला अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं. सगळं घर हसलं. मग सीएकडे गेलो आणि हसायचे थांबलो. जगातले बहुतेक देश त्यांच्याकडं राहणाऱ्यांकडून कर घेतात. अमेरिका नागरिकाकडून घेते, मग तो कुठंही राहो. या बाबतीत तिच्या पंगतीला बसणारा दुसरा देश म्हणजे इरिट्रिया.

मेक्सिको सिटीत राहणारे कुक नावाचे एक गृहस्थ यावरून भांडले होते. १९२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सुनावलं की नागरिक कुठंही असला तरी सरकारचा त्याला लाभ होतोच. ‘‘मी सिंहगड रोडच्या खड्ड्यात पडलो तर अमेरिका येईल का?’’ भाच्यानं विचारलं. सीए फी घेऊन गप्प बसले.

गंमत अशी की कर निघाला शून्य. वर्षातले ३३० दिवस अमेरिकेबाहेर काढले की परदेशातली बरीच कमाई वगळता येते. २०२५ सालासाठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर आहे, आणि हिंजवडीचा पगार तिच्याकडं मान वर करूनच बघतो. पण ही सूट मागावी लागते. काही देणं नाही हे कळवायला अर्ज भरायचा!

खरं दुखणं पुढंच होतं. त्याचं नाव एफबार. परदेशी खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खातं अमेरिकेच्या अर्थखात्याला कळवायचं. त्यांच्या लेखी परदेशी खातं म्हणजे आपली कोपऱ्यावरची सहकारी बँक. आजीनं ‘माझ्यामागं धावाधाव नको’ म्हणून एफडीवर नातवाचं नाव घातलेलं. ती एफडी पूर्ण रकमेनिशी कळवायची.

आणि ज्या खात्यावर फक्त सहीचा अधिकार आहे, तेही. इथं सीएंनी चष्मा काढला, कारण भाचा आमच्या गणेश मंडळाचा खजिनदार आहे.

अर्जात हवी असते वर्षातली सर्वांत मोठी शिल्लक. मंडळाच्या खात्यात ती गणपतीच्या आधी चार दिवस असते. वर्गणी जमलेली, मांडववाला आणि ढोलपथक अजून यायचे. विसर्जनानंतर खात्यात खडखडाट. तो चार दिवसांचा थाट ३१ डिसेंबरच्या सरकारी दरानं डॉलरमध्ये मांडून वॉशिंग्टनला गेला. अध्यक्षांना घाम फुटला. ‘‘अहो, एवढा आकडा आपण कार्यकारिणीलासुद्धा सांगितला नव्हता!’’

हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नव्हे. नजरचुकीनं राहिलं तरी दंड १०,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो. तो दर खात्यामागं नव्हे, दर वर्षाच्या अर्जामागं धरायचा, एवढा दिलासा सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली दिला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी. भारतीय म्युच्युअल फंडाचा विषय तर मी इथं काढतच नाही; त्याचा अर्ज वेगळा, आणि तो बघून सीएंनी दुसरा चहा मागवला.

‘‘सोडून टाक ते नागरिकत्व,’’ भाऊजी म्हणाले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तेच केलं. जन्म न्यूयॉर्कचा, घर लंडनचं; ते विकल्यावर अमेरिकेनं कर मागितला. आधी चिडले, मग भरला, आणि २०१६ साली अमेरिकन नागरिकत्व सोडलं. पण सुटायचं तर मागच्या पाच वर्षांचे सगळे कर-अर्ज नीट भरल्याचं लिहून द्यावं लागतं, नाहीतर जाता जाता वेगळ्या कराचा फेरा. शिवाय ताई तयार नाही. अजून धाकट्याचं लग्न व्हायचंय, घरात एक अमेरिकन असलेला बरा, असं तिचं मत.

तेव्हा समस्त मंडळांना विनंती: खजिनदार निवडताना हिशेब येतो का हे जरूर बघा, पण त्याआधी त्याचा जन्म कुठला ते विचारा.