कागद काही पळून जात नाही

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या रायफलवरची दुर्बीण चकचकीत आहे. हे त्याला कधी खुपलं नव्हतं. उलट खंडेनवमीला झेंडू वाहताना त्या काळ्या नळीत स्वतःचं कपाळ दिसतं, याचा त्याला अभिमानच होता. मग नेमबाजीच्या रेंजवर कुणीतरी म्हणालं, "एवढी चमक? हरणं जिल्हा सोडून जातील!" तेव्हापासून त्याला मॅट फिनिशचा ध्यास लागला.

इथे एक तपशील सांगायलाच हवा. प्रस्तुत लेखक शाकाहारी आहे. त्याने आजवर फक्त शंभर यार्डांवरच्या कागदावर नेम धरला आहे. कागदाला डोळे नसतात आणि बिचकून तो पळतही नाही. पण शिकाऱ्यासारखं दिसायचं तर शिकार करण्यापेक्षा सामान काळवंडवणं सोपं.

तशी चकाकी ही मुळात फॅशनच. रॉय वेदरबीने १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात रायफलींची कंपनी काढली आणि आरशासारखं पोलाद, लखलखता अक्रोडाचा दस्ता हा तिथला थाट झाला. त्यावर बसणारी दुर्बीणही तशीच हवी! पुढे प्लास्टिकचे दस्ते आले आणि हा थाट जुनाट ठरला.

आता ही चमक घालवायची कशी? दुर्बिणीची नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर रंगाचा हात दिलेला नसतो. ॲनोडायझिंगमध्ये विजेच्या जोरावर धातूवरच ऑक्साइडचा थर वाढवतात आणि त्यात काळा रंग मुरवतात. चमक येते ती त्याखालच्या पॉलिशमुळे. मॅट हवी असेल तर काचेचे बारीक मणी जोराने मारून धातू आधीच खरबरीत करून घेतात. म्हणजे तयार नळीवर पॉलिश पेपर घेऊन बसलात तर केसाहून पातळ असलेला तो थर झिजतो आणि कडांना पांढरं ॲल्युमिनियम डोकावतं. चमक वाढते, कमी होत नाही! भट्टीत भाजायचे लेपही नकोत. सेराकोट नावाच्या लेपाचा तसा एक प्रकार सुमारे १२० अंश सेल्सियसला दोन तास भाजतात. दुर्बिणीच्या आत धुकं धरू नये म्हणून कोरडा नायट्रोजन कोंडलेला असतो. त्याला अडवणारी रबरी कडी आणि भिंगांचा चिकटा या तापासाठी बनलेला नसतो. हवेत वाळणारा लेप मिळतो, पण तो लावायलाही सराईत हात लागतो.

आणि एवढं करून शिकारी जंगलात जातो कसा? पेनसिल्व्हेनियात बंदुकीने हरणाची शिकार करायची तर डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा अंगावर हवा, असा कायदा आहे. दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजू नये म्हणून. दुर्बीण निस्तेज आणि माणूस संन्याशासारखा भगवा! हरणाचं त्यावर काही म्हणणं नसतं, कारण रंग ओळखणाऱ्या पेशी त्याच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या. नारिंगी त्याला फिकट, मातकट दिसतो. निळा मात्र झकास दिसतो, अतिनीलाचीही चाहूल लागते. म्हणून तिथले पट्टीचे शिकारी निळसर चमक देऊन सफेदी वाढवणारं द्रव्य नसलेल्या साबणाने कपडे धुतात. पिढ्यान्‌पिढ्या सदऱ्याला नीळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या प्रस्तुत लेखकाला हे ऐकून घेरीच आली. त्याने अतिनील टॉर्च मागवला. घरात सर्वांत तेजस्वी निघालं त्याचं बनियन. "बनियनवर तुला बघणार कोण," बायकोने विचारलं, "हरीण की कागद?"

रेंजवर एक म्हातारबाबा येतात. त्यांची दुर्बीण वडिलांची, चकचकीत, जिथे पकडकड्या बसतात तिथे घासलेली. त्यांच्या लहानपणी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा आणि गावच्या शाळेला सुट्टी असायची. २०१९ पासून हंगाम शनिवारी सुरू होतो. त्यांनाही लोक मॅटचा सल्ला देतात. ते ऐकतात आणि मऊ फडक्याने नळी पुसत राहतात. प्रस्तुत लेखकाला त्या सल्लागारांचा राग येतो, आणि लगेच थोडी लाजही वाटते. परक्या मुलखात उठून दिसू नये म्हणून त्याने स्वतःच्या नावातली दोन अक्षरं छाटली, बोलण्यातला ठसका घासून काढला, ऑफिसात लसणाच्या चटणीचा डबा उघडणं सोडलं. मॅट फिनिशचा सराव त्याला बराच जुना आहे. आईचा फोन आला की खालचं पॉलिश वर येतं, एवढंच.

असो. नळी कितीही काळवंडली तरी पुढचं भिंग ऊन पडलं की चमकतंच. त्यासाठी मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी वेगळी मिळते. ही कटकटच नको म्हणून की काय, फिनलंडचा नेमबाज सैनिक सिमो हायहा तर १९३९-४० च्या युद्धात दुर्बीण न लावता साध्या माशीवरच नेम धरायचा.

तेव्हा वाचकहो, मॅट हवी असेल तर घेतानाच मॅट घ्या. जुनी असेल तर स्वतःलाच चिकटणारी कापडी पट्टी गुंडाळा, भिंगं आणि नेम जुळवायच्या चकत्या मोकळ्या ठेवा. नको झाली की सोडता येते. पॉलिश पेपर दाराच्या चौकटीला वापरा.